गाव सुटतं, गोळी सुटू नये

मराठवाड्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात एआरटी केंद्र शोधायचं तर पाटीच्या भरवशावर राहू नये. पाटी आहे, पण मुद्दाम लहान ठेवलेली. ज्याला यायचंय त्याला दिसावी, इतरांची नजर जाऊ नये, एवढीच. क्षयरोग विभागाच्या अलीकडे एक लांब ओसरी, तिथल्या बाकांवर माणसं एकमेकांकडे न बघता बसलेली. कुणी मफलर नाकापर्यंत ओढलेला, कुणी पदर. शेजारच्या गावचा माणूस दिसला तर दोघंही ओळख न दाखवता वळतात. हे इथलं सौजन्य.

लहान मुलं मात्र हा नियम पाळत नाहीत. वजनकाट्यावर चढण्यासाठी त्यांची भांडणं चालू होती. डॉक्टर मुलांचं वजन दर वेळी बघतात, कारण वजन वाढलं की गोळ्यांची संख्या बदलते.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी विषय दिला होता 'वाटेवरचं बालपण'. त्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा वारीतली, मेंढपाळांची मुलं असावीत. माझ्या डोक्यात दुसरंच घोळत होतं. एचआयव्हीचं औषध, म्हणजे एआरटी, आपल्या देशात सरकारी दवाखान्यात १ एप्रिल २००४ पासून फुकट मिळतं. मुलांसाठीचा वेगळा राष्ट्रीय कार्यक्रम ३० नोव्हेंबर २००६ ला सुरू झाला. जानेवारी २०१४ पासून एचआयव्ही असलेल्या प्रत्येक गरोदर बाईला आयुष्यभराचे उपचार द्यायचे, असं धोरण आहे. तरीही मुलं मागे राहतात. हे जगभरचंच दुखणं आहे: संयुक्त राष्ट्रांच्या आकड्यांनुसार २०२३ मध्ये एचआयव्ही असलेल्या मोठ्या माणसांपैकी ७७ टक्के औषधावर होती, मुलांपैकी फक्त ५७ टक्के. एचआयव्हीसह जगणाऱ्यांत मुलं तीन-चार टक्केच, पण एड्सने होणाऱ्या मृत्यूंत त्यांचा वाटा बारा टक्क्यांच्या आसपास.

आपल्याकडे कोणती मुलं मागे राहतात, हे समुपदेशक ताईंच्या टेबलावर कळलं. औषध न्यायला आलेच नाहीत अशांची यादी त्यांनी समोर ठेवली आणि नावांवर हात धरला. दिसत होती ती फक्त आडनावं आणि पत्ते. काळे, पवार, भोसले, चव्हाण. आडनावावरून मराठा की पारधी, हे ओळखता येत नाही. पत्त्याच्या रकान्यावरून येतं. 'स्टेशनमागे, पालावर.' 'अमुक तांडा.' 'कारखान्यावर गेले.' एका नावापुढे पत्त्याऐवजी नुसती आडवी रेघ.

'औषध कमी पडलं म्हणून पोरं सुटत नाहीत,' ताई म्हणाल्या. 'आम्ही इथं, पोरं तिथं. तेवढंच.'

टाचेचा थेंब

तान्ह्या बाळाला एचआयव्ही आहे की नाही, हे मोठ्या माणसासारखं साध्या तपासणीत कळत नाही. आईची प्रतिपिंडं बाळाच्या रक्तात दीड वर्षापर्यंत राहू शकतात. त्यामुळे नेहमीची चाचणी केली तर बाळ निरोगी असलं तरी 'पॉझिटिव्ह' दिसू शकतं. विषाणू खरोखर शिरलाय का, हे शोधायला वेगळी चाचणी लागते आणि ती बाळ सहा आठवड्यांचं झालं की करायची असते.

ती कशी करतात, ते नर्सबाईंनी दाखवलं. बाळाची टाच आधी हाताने चोळून कोमट केली. मग बाजूला बारीक टोच. पहिला थेंब पुसून टाकला. दुसरा थेंब जाड शोषकागदाच्या कार्डावर, छापील गोलात. असे पाच गोल. गोल काठोकाठ भरला पाहिजे, पण थेंबावर थेंब पडता कामा नये. कार्ड उन्हात ठेवायचं नाही, पंख्याखाली नाही, नुसतं हवेवर काही तास वाळवायचं. मग ओलावा शोषणाऱ्या पुडीसोबत बंद पिशवीत घालून प्रयोगशाळेकडे. पुण्यात भोसरीला १९९२ पासून असलेली एड्स संशोधन संस्था या कामात सुरुवातीपासून आहे. बर्फ नको, गाडी नको, साध्या पाकिटातून जातं. इतक्या सोप्या रीतीने इतकं अवघड उत्तर मिळतं, याचं मला नवल वाटलं.

बाळ मात्र टोचल्यावर क्षणभर रडलं आणि आईच्या पदरात शिरलं.

घाई का, तेही सांगायला हवं. उपचार मिळाले नाहीत तर एचआयव्ही असलेल्या बाळांपैकी जवळपास निम्मी दुसरा वाढदिवस बघत नाहीत. दक्षिण आफ्रिकेतल्या एका अभ्यासाने २००८ मध्ये दाखवून दिलं की लक्षणांची वाट न बघता पहिल्या काही आठवड्यांतच औषध सुरू केलं, तर तान्ह्या मुलांचे मृत्यू ७६ टक्क्यांनी घटतात. म्हणजे सहाव्या आठवड्याचा तो थेंब चुकला की पुढचं सगळं उशिराचं. आणि आईला वेळेवर औषध, बाळाला जन्मल्यापासून नेव्हिरापिनचं पातळ औषध, हे दोन्ही नीट झालं तर मुळात बाळाला लागण होण्याची शक्यताच पाच टक्क्यांखाली येते. काहीच केलं नाही तर ती पंधरापासून पंचेचाळीस टक्क्यांपर्यंत असते.

सहावा आठवडा कुठे येतो?

आता हे वेळापत्रक ऊसतोड मजुराच्या वर्षावर ठेवून बघा.

बाई आषाढ-श्रावणात गावी असते. प्राथमिक आरोग्य केंद्रात नाव नोंदवलं जातं, रक्त तपासलं जातं, निदान होतं, गोळ्या सुरू होतात. इथवर गाडी रुळावर. दसरा झाला की मुकादमाचा ट्रक येतो. नवरा-बायको मिळून एक 'कोयता', उचल म्हणजे आगाऊ रक्कम आधीच घेतलेली. बीडहून निघालेली टोळी सांगली, कोल्हापूर, कधी थेट बेळगावकडे. पौषात बाळंतपण. कधी तालुक्याच्या दवाखान्यात, कधी खोपीतच. सहावा आठवडा माघ-फाल्गुनात, ऊस अजून उभा असताना. कागद बीडला, बाळ कृष्णाकाठी. फोन केला तर बंद, कारण रिचार्ज संपलेला, नाहीतर टोळी दुसऱ्या फडावर हललेली. पाडव्याच्या सुमारास बाई परत येते तेव्हा बाळ तीन-चार महिन्यांचं असतं.

एका मुकादमाशी बोलले. माणूस वाईट नव्हता. 'मॅडम, दवाखान्याला जाऊ नका असं मी कुणाला म्हणत नाही,' तो म्हणाला. 'पण एक कोयता बसला की गाडी भरत नाही. मग खाडा लागतो. खाड्याचे पैसे मी सोडले तर मला कोण सोडणार?' खाडा म्हणजे चुकलेल्या दिवसाची कपात. त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर दंड. बाळाची टाच टोचायला तालुक्याला जाण्याची ही खरी किंमत. चाचणी फुकट आहे, असं आपण सहज म्हणतो.

नियमाने बघितलं तर सोय आहे. एआरटी केंद्राची पुस्तिका दाखवली की दुसऱ्या जिल्ह्यातल्या केंद्रातही औषध मिळू शकतं. करोनाच्या काळापासून, प्रकृती स्थिर असेल तर, दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देण्याचीही पद्धत रुळली आहे. पण पुस्तिका टोळीत उघडी ठेवायची कुठे? एका बाईने ती तांदळाच्या डब्यात तळाशी ठेवली होती. गोळ्यांच्या डबीचा त्रास आणखी वेगळा: ती वाजते. खोपीला भिंत पाचटाची, पलीकडे दुसरं बिऱ्हाड. रोज ठरल्या वेळी डबी खुळखुळली की विचारणारे विचारतातच. म्हणून बाया डबीत कापूस कोंबतात, नाहीतर गोळ्या काढून चिंधीत बांधतात. चिंधीत ओलावा लागतो आणि गोळ्या खराब होतात.

हे कुठल्याही मार्गदर्शक पुस्तिकेत लिहिलेलं नसणार. समुपदेशक ताईंना मात्र ठाऊक आहे. त्या आता प्रत्येक डबीत स्वतःच कापसाचा बोळा घालून देतात.

पालावरची आजी

ऊसतोड मजुराचं गाव निदान ठरलेलं असतं. पारध्याचं तेही नसतं. ब्रिटिशांनी १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं, त्यांत पारधी होते. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. पोलीस पाटलाच्या आणि गावकऱ्यांच्या मनातून रद्द व्हायचा राहिला. तालुक्यात चोरी झाली की पहिली गाडी पालावर येते, हे मला एका पारधी वस्तीवर प्रत्येकाने सांगितलं, तेही तक्रारीच्या नव्हे, हवामान सांगावं तशा सुरात.

या वस्तीवर एक आजी आणि तिचा नातू राहतात. मुलाचं नाव, गाव काही लिहीत नाही. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने ती गुप्तता त्याचा हक्क आहे आणि कायदा नसता तरी लिहिलं नसतं. वय नऊ. आई-वडील दोघंही गेले. आजी आधी बोलायला तयार नव्हती. सरकारी कागद हातात घेतलेलं माणूस म्हणजे पोलिसाचंच, हा तिचा आयुष्यभराचा अनुभव. मी वही पिशवीत ठेवली तेव्हा बोलली.

'बाय, औषदाला मी न्हाय म्हनत न्हाय,' ती म्हणाली. 'पर रातच्याला गाडी आली की आमी पळतो. लेकरू घ्यायचं का डबी घ्यायची? मग चार रोज डबी पालातच. पाल तरी जागेव असतंय का?'

एचआयव्हीची औषधं मधूनमधून सुटली तर विषाणू त्यांना सरावतो आणि मग तीच औषधं चालेनाशी होतात. मुलांच्या बाबतीत हे जास्त महागात पडतं, कारण त्यांच्यासाठी औषधांचे पर्याय कमी आणि पुढे आयुष्य लांब. या मुलाच्या रक्तातला विषाणू दोनदा वाढलेला सापडला होता. केंद्रातल्या नव्या डॉक्टरांनी आजीला 'तुम्ही निष्काळजी आहात' असं सुनावलं. पोलिसांच्या धाडीचं कोणी विचारलंच नव्हतं. केसपेपरवर त्यासाठी रकाना नाही.

दुसरी भीती स्वतःच्याच माणसांची. वस्ती लहान, सगळे नातलग. आजार कळला तर जातपंचायत वाळीत टाकील, मुलीची सोयरीक मोडेल. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने कायदा केला आहे, तो २०१७ पासून लागू आहे. पण पाल उठलं आणि आपल्याला सोबत घेतलं नाही, तर त्याची फिर्याद कुठल्या ठाण्यात द्यायची? त्याच ठाण्यात?

या वस्तीचं काम बदललं ते तिथल्याच एका तरुणीमुळे. बारावीपर्यंत शिकलेली, पारधी बोली घरची. एका संस्थेने तिला मानधनावर घेतलं. ती 'एचआयव्हीची बाई' म्हणून येत नाही. बाळांची वजनं घेते, लसीच्या तारखा सांगते, आधार कार्डाचे फॉर्म भरते. त्यातच गोळ्यांचं काम बसवलेलं. कुणाच्या पालात किती वेळ थांबली, यावर कुणाचं लक्ष जात नाही. आजीच्या नातवाच्या गोळ्यांची जादा डबी तिच्याकडे असते. रात्री पळापळ झाली तर सकाळी नातू कुठे असेल, हे तिला कळतं. पोलिसांना कळायच्या आत कळतं, असं ती हसत म्हणाली.

झिम्बाब्वेत 'झ्वांदिरी' नावाचा कार्यक्रम २००४ पासून चालतो. एचआयव्हीसह वाढलेले तरुण तिथे आपल्याहून लहान मुलांच्या घरी जातात, गोळ्यांचं विचारतात, मनातलं ऐकतात. ग्रामीण भागातल्या चाचणीत त्या मुलांचे परिणाम नेहमीच्या पद्धतीपेक्षा स्पष्टपणे चांगले आले. आपल्याला फार लांब जायलाही नको. सांगलीत 'संग्राम' संस्थेने नव्वदच्या दशकातच वेश्याव्यवसायातल्या बायकांना स्वतःच आरोग्याचं काम हाती घ्यायला लावलं होतं. आपल्याच माणसाने आपल्याच माणसाकडे जायचं, ही गोष्ट आपल्याला तेव्हापासून माहीत आहे. भटक्या-विमुक्तांपर्यंत ती आपण नेली नाही, इतकंच.

चमच्यातली गोळी

एक गोष्ट मात्र खरोखर सुधारली आहे, ती सांगायलाच हवी. पूर्वी लहान मुलांना लोपिनाविर-रिटोनाविरचं पातळ औषध द्यावं लागे. चव कडूजहर, त्यात चाळीसएक टक्के अल्कोहोल आणि बाटली थंड जागी ठेवायची. पालावर फ्रिज! काही बाया बाटली ओल्या मडक्यात पुरून ठेवत. मुलं ओकत, आया पुन्हा पाजत, ती पुन्हा ओकत.

आता डोल्युटेग्राविरची दहा मिलिग्रॅमची, पाण्यात विरघळणारी गोळी आली आहे. चार आठवड्यांच्या आणि तीन किलोच्या पुढच्या बाळालाही चालते. आजीने मला करून दाखवलं. स्टीलच्या चमच्यात थोडं पाणी, त्यात गोळ्या टाकल्या. बुडबुडे आले, कड विरघळली, पाणी गढूळ पांढरं झालं. बोटाने हलवलं. स्ट्रॉबेरीचा वास. नातवाने पिऊन चमचा चाटून पुसला आणि आणखी मागितलं. विरघळवल्यावर अर्ध्या तासात पाजायची, दिवसातून एकदा, थंडाव्याची गरज नाही. जगातली बरीचशी जेनेरिक औषधं करणाऱ्या भारतीय कंपन्या ही गोळी बनवतात आणि वर्षभराच्या या गोळ्यांची किंमत आफ्रिकेतल्या खरेदीत चाळीस डॉलरच्या खाली आली आहे.

विज्ञानाने आपलं काम पालापर्यंत पोहोचेल असं करून दिलं. पालापर्यंत नेणं हे विज्ञानाचं काम नव्हे.

मोफतचा पास

गोळीला जातीचा दाखला लागत नाही. बाकी सगळ्याला कागद लागतो. बालसंगोपन योजनेत अनाथ मुलाला सांभाळणाऱ्या नातलगाला महिन्याला २,२५० रुपये मिळतात. आजीला मिळत नाहीत. मुलाच्या जन्माची नोंद नाही, कारण जन्म पालात झाला. बापाच्या मृत्यूचा दाखला नाही, कारण तो परक्या जिल्ह्यात गेला आणि तिथेच माती दिली. पारधी अनुसूचित जमातीत मोडतात, पण त्या दाखल्यासाठी १९५० च्या आधीचा वास्तव्याचा पुरावा हवा. भटक्या-विमुक्तांच्या यादीत असाल तर तारीख २१ नोव्हेंबर १९६१. जो समाज तेव्हा गावात राहूच दिला जात नव्हता, त्याच्याकडे त्या गावात राहत असल्याचा पुरावा मागायचा, हा प्रकार मला वर्षानुवर्षं कळलेला नाही.

एसटीचीही सवलत आहे. एचआयव्हीबाधितांना साध्या बसचा प्रवास मोफत. आजी मात्र नातवाचं तिकीट काढते. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, 'पास दावला तर कंडाक्टर समद्या गाडीला ऐकू जाईल असं इचारतोय, कशाचा पास?' सवलत घेण्यासाठी आजार जाहीर करावा लागतो, म्हणून ज्याला तिची सर्वांत गरज तोच घेत नाही. पासावर आजाराऐवजी नुसता क्रमांक छापला तर महामंडळाचं काय जाईल?

२०१७ च्या कायद्यात एक तरतूद मोठी समजूतदार आहे. आई-बाप नसलेल्या घरात बारा वर्षांवरचं, पुरेसं जाणतं भावंड धाकट्याचं पालक म्हणून सही करू शकतं. शाळेच्या प्रवेशाला, बँकेच्या खात्याला, उपचारालाही. बहीण भावाला घेऊन आली की 'मोठं माणूस आण' म्हणून परत पाठवायचं नाही. मी विचारलेल्या शाळांत, तलाठी कार्यालयांत आणि एका बँकेत हे कुणालाही ठाऊक नव्हतं.

आठ वाजता

विमुक्त जातींच्या आश्रमशाळांनी बरीच मुलं शिकली, हे नाकारून चालणार नाही. पण एचआयव्ही असलेल्या मुलाला तिथे रोज आठ वाजता गोळी घ्यायची म्हणजे सगळ्या खोलीसमोर घ्यायची. पेटीला कुलूप नाही. औषध आणायला दर एक-दोन महिन्यांनी सुट्टी मागितली तर अधीक्षक कारण विचारतात. एका मुलीने गोळ्या 'फिटच्या' आहेत असं सांगून वर्षं काढली. दुसऱ्या मुलाने सरळ सोडून दिल्या.

भीती उगाच नाही. लातूर जिल्ह्यात हासेगावला रवी बापटले यांनी एचआयव्ही असलेल्या मुलांसाठी 'सेवालय' सुरू केलं. तिथली मुलं २००९ मध्ये गावच्या शाळेत जाऊ लागली तेव्हा गावकऱ्यांनी आपली मुलं शाळेतून काढली होती. अशाच मुलांसाठी पंढरपूरजवळ मंगलताई शहा यांची 'पालवी', बीडजवळ दत्ता आणि संध्या बारगजे यांचं 'इन्फंट इंडिया'. घरच्यांनी टाकलेली मुलं ज्या काळात मरायलाच सोडली जात होती, त्या काळात या माणसांनी त्यांना जगवलं. त्यांच्याविषयी आदर बाळगूनच म्हणते: ज्याची आजी आहे, त्याला संस्थेत घालणं हा पहिला उपाय नसावा. पारधी आजीला वाटतं, पोर संस्थेत गेलं की आपली बोली विसरतं आणि मग आपल्यालाही. संस्थेत एका मुलावर जेवढा खर्च होतो त्याचा काही भाग तिच्या हातात दिला, तर बरीच पोरं पालावरच नीट वाढतील.

मुलाला आजार सांगायचा कधी, हा प्रश्न सगळ्या घरांत टाळला जातो. समुपदेशक ताई सहा-सात वर्षांच्या मुलांना 'तुझ्या रक्तातले शिपाई' अशी गोष्ट सांगायला लागतात, नाव दहा-बाराच्या सुमारास घेतात. पण पारधी किंवा बंजाऱ्यांची गोरमाटी बोलणाऱ्या मुलाला ही गोष्ट पुस्तकी मराठीत सांगितली की ते नुसतं मान हलवतं. वस्तीवरच्या त्या तरुणीने ती आपल्या बोलीत बसवली आहे. तिच्या गोष्टीत शिपाई नाहीत. शिपाई म्हटलं की पोरं घाबरतात. तिने त्या जागी शिकारी कुत्री घातली.

यंदाचा गळीत हंगाम

हा अंक तुमच्या हाती येईल तेव्हा बहुतेक टोळ्या निघालेल्या असतील. २०१९ मध्ये ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांवरून बीड जिल्हा गाजला, तेव्हा जाण्याआधी आणि आल्यावर आरोग्य तपासणी करायचं ठरलं. ती आणखी एक पाऊल पुढे नेता येईल: प्रत्येक गरोदर बाईच्या हाती निघतानाच कारखान्याजवळच्या एआरटी केंद्राचं नाव, फोन आणि सहाव्या आठवड्याची तारीख द्यायची. बीडच्या समुपदेशकाने कोल्हापूरच्या समुपदेशकाला तेव्हाच फोन करून ठेवायचा. टाचेचा थेंब घ्यायला बाळाने तालुक्याला जायची गरज नाही; नर्स कार्ड आणि टोचणी घेऊन फडावर जाऊ शकते. मराठवाड्यात काही संस्थांनी टोळीतल्याच बायकांना आरोग्यसाथी म्हणून तयार केलं आहे, त्या नर्सला खोप दाखवतील.

पैशाचं कारण सांगू नये. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून गाळलेल्या उसावर टनामागे दहा रुपये घेतात आणि तेवढीच भर सरकार घालतं. साखर आयुक्त दरवर्षी कारखान्यांना गाळप परवाना देतात. त्या परवान्यात एक अट घालावी: फडावर महिन्यातून एकदा आरोग्य पथक येईल आणि त्या दिवशी कुठल्याही आईला खाडा लागणार नाही. तुमच्यापैकी जे साखर कारखान्यांचे सभासद आहेत, संचालक आहेत, त्यांनी येत्या सर्वसाधारण सभेत हा ठराव मांडावा. सूचक म्हणून एक नाव लागतं, अनुमोदक म्हणून दुसरं.